चिपळूणला राहून गाडीला नुसतं थर्ड पार्टी? ताई, नको!

पत्र:

नमस्कार. आम्ही चिपळूणला राहतो, मी आणि मिस्टर दोघंही नोकरी करतो. २०२१ च्या पुरात आमची जुनी गाडी गेली. तिला फक्त थर्ड पार्टी होतं, त्यामुळे एक रुपया मिळाला नाही, शेवटी भंगारात दिली. मग त्याच वर्षी कर्ज काढून नवी १२०० सीसीची पेट्रोल गाडी घेतली, हप्ते अजून चालू आहेत. चार वर्षांत एकही क्लेम नाही. आता रिन्यूअलला एजंटने ११,०२८ रुपये सांगितलेत, ऑनलाइन ७,९५० ला मिळतेय, आणि सासरे म्हणतात चार वर्षं पैसे पाण्यातच गेले ना, आता थर्ड पार्टी काढा, चार हजारात भागेल. मला हेच कळत नाही की गाडीची किंमत दरवर्षी उतरते मग प्रीमियम का उतरत नाही, उलट मागच्या वर्षी एकदम चार-साडेचार हजारांनी वाढला. झिरो डेप घ्यायलाच हवं का? बंपर गेटला घासलाय, गॅरेजवाला साडेचार हजार सांगतोय, क्लेम टाकू का? भाचा लर्निंग लायसन्सवर आमचीच गाडी शिकतोय, त्याने कुठे ठोकली तर? सीएनजी किट बसवलं तर कंपनीला कळवावं लागतं का? आणि गणपतीत ओळखीचे लोक गाडी भाड्याने मागतात, द्यावी का?
— तुमची एक वाचक, चिपळूण

उत्तर:

ताई, पत्र वाचलं आणि आधी सासऱ्यांच्याच मुद्द्यावर येते, कारण बाकी सगळं नंतर निस्तरता येईल पण हा निर्णय चुकला तर निस्तरता येणार नाही. नुसतं थर्ड पार्टी काढू नका. ज्या गावात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरून गाड्याच्या गाड्या बुडाल्या, जिथे २००५ लाही तेच झालं होतं, आणि ज्या घरातून एक गाडी त्याच पुरात गेलीये, त्या घराने दुसऱ्या गाडीच्या बाबतीत तोच जुगार परत खेळायचा नाही. सासऱ्यांचा राग समजतो, पैसे भरले आणि काही मिळालं नाही असं वाटतंच माणसाला, पण काही झालं नाही म्हणूनच काही मिळालं नाही, आणि ते चांगलंच झालं ना!

शिवाय हप्ते चालू आहेत म्हणताय, तर कर्जाचा कागद काढून बघा. गाडीवर बँकेचा बोजा असतो आणि कर्ज फिटेपर्यंत पूर्ण पॉलिसी चालू ठेवायची अशी अट बहुतेक ठिकाणी असतेच. म्हणजे थर्ड पार्टीवर उतरायचं स्वातंत्र्य तुम्हाला कदाचित आत्ता नाहीच. आणि गाडी बुडाली तरी हप्ता थांबत नाही हो, नसलेल्या गाडीचे हप्ते भरत बसणारी माणसं मी बघितलीयेत.

थर्ड पार्टी म्हणजे नेमकं काय तेही सांगते. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई, बस. समोरचा जखमी झाला किंवा दगावला तर कोर्ट ठरवेल तेवढी रक्कम कंपनी देते, त्याला वरची मर्यादा नाही, आणि त्याच्या गाडीचं, दुकानाचं, भिंतीचं नुकसान झालं तर साडेसात लाखांपर्यंत. हे कायद्याने सक्तीचं आहे, नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि दुसऱ्यांदा दंड ४,०००. पण यात तुमच्या स्वतःच्या गाडीला काहीही मिळत नाही, पूर नाही, चोरी नाही, आग नाही, झाड पडलं तरी नाही. आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही: नुसत्या थर्ड पार्टीत तुमच्याच गाडीत बसलेल्या घरच्या माणसांच्या भरपाईचा विषय निघाला की कंपन्या कोर्टात हात वर करतात, पॅकेज पॉलिसीत, म्हणजे स्वतःच्या गाडीचंही कव्हर असलेल्या पूर्ण पॉलिसीत, मात्र गाडीत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते. सासऱ्यांना हे नक्की सांगा, तेही त्याच गाडीत बसतात ना.

आता प्रीमियम का उतरत नाही. या बिलात दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र असतात आणि म्हणून गोंधळ होतो. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, गाडीच्या किमतीशी त्याचा काही संबंध नाही, फक्त इंजिनावर. १ जून २०२२ पासूनचे दर म्हणजे १००० सीसीपर्यंत २,०९४, १००० ते १५०० सीसी ३,४१६ आणि त्याच्या वर ७,८९७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. तुमची १२०० ची, म्हणून ३,४१६, जीएसटी धरून ४,०३१. सासरे म्हणतात ते चार हजार हेच. हा आकडा कुठल्याही कंपनीत गेलात तरी तोच, त्यामुळे "आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

आणि मागच्या वर्षी एकदम वाढला त्याचं कारण अगदी साधं आहे. नवी गाडी घेताना तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदम भरून घेतात, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून हा नियम आहे. तुम्ही २०२१ ला ते गाडीच्या किमतीतच भरून मोकळ्या झालात, म्हणून २०२२ आणि २०२३ ला फक्त स्वतःच्या गाडीचा भाग, ज्याला ओन डॅमेज किंवा ओडी म्हणतात, तेवढाच भरला. २०२४ ला ती तीन वर्षं संपली आणि थर्ड पार्टीचे चार हजार परत बिलात आले. म्हणजे काही महागलं नव्हतं, आधी भरलेलं संपलं होतं. हे कुणीतरी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, एजंटचं कामच आहे ते.

किंमत उतरते त्याप्रमाणे कमी होतो तो फक्त ओडीचा भाग. आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्यातली किंमत, ती मॉडेलच्या चालू किमतीतून वयाप्रमाणे घट वजा करून काढतात, दोन ते तीन वर्षांत ३० टक्के, तीन ते चार ४०, चार ते पाच ५०. पण त्याच वेळी मॉडेलची किंमत वाढलेली असते, कंपनीने गेल्या वर्षी दिलेलं डिस्काउंट यंदा दिलेलं नसतं, त्यामुळे खिशाला फरक जाणवत नाही.

तुमचा ११,०२८ चा कोट तुम्ही सोबत पाठवलात हे बरं केलंत. आयडीव्ही ३ लाख ४० हजार. ओडी ६,०००, त्यातून नो क्लेम बोनसचे, म्हणजे क्लेम न टाकल्याच्या सवलतीचे, ४५ टक्के म्हणजे २,७०० गेले, राहिले ३,३००. झिरो डेप (क्लेममध्ये पार्टची घट न कापण्याचं जादा कव्हर) १,४००, इंजिन प्रोटेक्ट ५००, कन्झ्युमेबल २५०, रोडसाइड (रस्त्यात बंद पडली तर मदत) १५०. थर्ड पार्टी ३,४१६ आणि मालक-चालकाचा अपघात विमा ३३०. सगळे मिळून ९,३४६ आणि जीएसटी. यातून थर्ड पार्टी आणि अपघात विमा बाजूला काढला तर स्वतःच्या गाडीसाठी तुम्ही वर्षाला देताय ६,६०८ रुपये, जीएसटीसकट. महिन्याला साडेपाचशे. त्यावर ३ लाख ४० हजारांची गाडी. मला तरी हा कोट प्रामाणिक वाटला, थोडी काटछाट करता येईल ती पुढे सांगते.

ऑनलाइनचे ७,९५० कुठून आले ते तुमच्या स्क्रीनशॉटमध्येच दिसतंय. आयडीव्ही २ लाख ७० हजार केलीये. इंजिन प्रोटेक्ट नाही. मालकाचा अपघात विमा काढून टाकलाय. आणि व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणून ७,५०० टाकलेत, म्हणजे प्रत्येक क्लेमला सक्तीचे १,००० असतातच, ते आणि वर हे ७,५०० तुम्ही भरायचे. साइटवर ती आयडीव्हीची पट्टी असते ना, ती डावीकडे सरकवली की आकडा छान उतरत जातो, पण गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि तेव्हा हीच आयडीव्ही हातात येते. तीन हजार वाचवायला सत्तर हजार सोडून दिले असं होतं ते. मी ऑनलाइनच्या विरोधात नाही, उलट जरूर बघा, पण आयडीव्ही तीच ठेवून, ॲड-ऑन, म्हणजे झिरो डेपसारखी जादा कव्हरं, तीच ठेवून, डिडक्टिबल शून्य करून मग आकडे शेजारी ठेवा. तसं केल्यावर जी स्वस्त पडेल ती खरी स्वस्त.

आता पुराचं, कारण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात.

पॅकेज पॉलिसीत पूर कव्हर असतो. सीट, कार्पेट, वायरिंग, साफसफाई, हे सगळं त्यात येतं. पण इंजिनाचं वेगळं आहे. मी बरीच वर्षं क्लेमच्या कामात होते, पूर ओसरल्यावर गॅरेजमध्ये रांगेने उभ्या असलेल्या गाड्या बघितल्यात. सर्व्हेयर, म्हणजे कंपनीने नुकसान तपासायला पाठवलेला माणूस, बॉनेट उघडतो, एअर फिल्टर बाहेर काढतो, तो पिळला तर पाणी गळतं. मग डिपस्टिक काढून बघतो, ऑइल काळं किंवा सोनेरी असायला हवं ते दुधाच्या चहासारखं झालेलं असतं. इथपर्यंत ठीक आहे, इतक्यावरही कित्येकदा इंजिन वाचतं, ऑइल काढून, धुऊन, सुकवून. पण मग तो मालकाला एकच प्रश्न विचारतो, "पाणी उतरल्यावर चावी फिरवली होती का?" आणि मालक खरं सांगतो की हो, शेजारी म्हणाले एकदा स्टार्ट करून बघा, दोनदा-तीनदा मारून बघितली, मग खाडकन आवाज आला आणि बंद पडली. तिथे क्लेम मोडतो. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो, आतल्या पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनी म्हणते पुराने इंजिन खराब झालं नाही, तुम्ही स्टार्ट केलंत म्हणून झालं, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही. इंजिनाचं काम लाखाच्या घरात सहज जातं.

म्हणून पाण्याने इंजिन गेलं तर भरपाई देणारं ते ५०० रुपयांचं इंजिन प्रोटेक्ट चिपळूण, महाड, सांगली, कोल्हापूर, पुण्यात नदीकाठच्या सोसायट्या, मुंबईत तर बोलायलाच नको, अशा ठिकाणी राहणाऱ्याने काढायचंच. बाकी कुठलंही ॲड-ऑन सोडा, हे सोडू नका. आणि ते घेतलंय म्हणून चावी फिरवायला मोकळे असंही नाही हं, पाण्यात बुडालेली गाडी मुद्दाम स्टार्ट केली तर त्यातही वाद घालता येईल अशी कलमं काही पॉलिसीत असतात. घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, ड्रायव्हिंग येत असो वा नसो: पाणी सायलेन्सरच्या वर गेलं होतं असं दिसलं की गाडीला चावी लावायची नाही, पुश बटण दाबायचं नाही. पाणी असतानाच वरून, लांबून फोटो काढा, ओसरल्यावर आत सीटवर, डॅशबोर्डवर चिखलाची रेघ उमटते तिचा फोटो काढा, कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या, हात पोचत असेल आणि सुरक्षित असेल तर बॅटरीची वायर सोडवा, आणि उचलून नेणाऱ्या टोइंगने गॅरेजला पाठवा. सर्व्हेयर येईपर्यंत मेकॅनिकला काही उघडू देऊ नका. मोठ्या पुरात सर्व्हेयरला यायला वेळ लागतो, शेकडो क्लेम एकदम येतात, पण क्लेम नंबर पहिल्या दिवशीचा असला की तुमची बाजू भक्कम राहते.

झिरो डेप घ्यायचं का? यंदा घ्या. कारण तुमची गाडी चार वर्षांच्या पुढे गेलीये आणि साध्या पॉलिसीत पार्टवर घट कापतात: प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर ५० टक्के, लोखंडी भाग चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, काचेला काही नाही. समजा पुढून आदळली, बंपर ६,०००, हेडलाइट ७,०००, बॉनेट ९,०००. बावीस हजारांच्या पार्टमधून ९,६५० तुमच्या खिशातून जातात, वर सक्तीचे १,००० आहेतच. झिरो डेपने ते ९,६५० वाचतात, आणि त्याला जीएसटी धरून वर्षाचे १,६५२ पडतायत. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांपर्यंतच देतात, काही सातपर्यंत, आणि मधे एक वर्ष सोडलं तर परत द्यायला कटकट करतात. फक्त वर्षाला किती क्लेम चालतात ते वाचून घ्या, पुष्कळ ठिकाणी दोनच.

पण बंपरच्या ओरखड्याचा क्लेम टाकू नका! इथे मी फार ठाम आहे. चार वर्षं क्लेम नाही म्हणून यंदा तुमचा बोनस ४५ टक्के झालाय, पुढच्या वर्षी ५० होईल आणि मग तिथेच राहील. नव्या पॉलिसीवर एक क्लेम टाकला की पुढच्या रिन्यूअलला तो शून्यावर येतो, मग २०, २५, ३५, ४५ असा परत पहिल्यापासून चढतो. दरवर्षी ५० मिळाले असते ते सोडून काय मिळालं याची वजाबाकी करा: पहिल्या वर्षी ५० टक्के गेले, दुसऱ्या ३०, मग २५, १५, ५. बेरीज १२५. म्हणजे एका क्लेमने तुमच्या मूळ ओडीच्या सव्वापट रक्कम पाच वर्षांत हळूहळू जाते. तुमचा ओडी ६,००० आहे, तर साडेसात हजार, जीएसटी धरला तर ८,८५० पर्यंत. दरवर्षी आयडीव्ही उतरेल तसं थोडं कमी धरा, तरी साडेचार हजारांच्या कामातून १,००० वजा होऊन जे साडेतीन हजार मिळणार त्याच्या दुप्पट तरी जाणारच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बाहेरच्या चांगल्या पेंटरकडे दाखवा, साडेचार हजार मला जरा जास्तच वाटतायत, नुसता घासलेला बंपर बदलायचा नसतो, रंगवायचा असतो.

म्हणजे नियम असा धरा की दहा-बारा हजारांच्या खालचं काम स्वतः करायचं आणि मोठ्याला क्लेम. आणि हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो, उद्या गाडी विकून दुसरी घेतलीत तर कंपनीकडून पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो, तीन वर्षांपर्यंत. विकणाऱ्याने तो घेणाऱ्याला देऊन टाकायचा नाही.

भाच्याचं. लर्निंग लायसन्सवर गाडी चालवताना अपघात झाला तर क्लेम आपोआप बाद होत नाही, पण अटी आहेत: पुढे-मागे लाल एल लावलेलं असायला हवं, शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस बसलेला हवा, गरज पडली तर गाडी थांबवू शकेल असा. मामा मागच्या सीटवर मोबाइल बघत बसलाय असं चालत नाही. अटी मोडल्या तर स्वतःच्या गाडीचे पैसे विसरा, आणि समोरच्याला काही झालं तर कंपनी त्याला पैसे देईल पण कोर्टाच्या परवानगीने तेच पैसे गाडीच्या मालकाकडून, म्हणजे तुमच्या मिस्टरांकडून वसूल करेल. लाखांची गोष्ट असते ती. लर्निंगची मुदत संपलेली असेल तर भाच्याच्या हातात चावीच देऊ नका, आधी मोटार ड्रायव्हिंग स्कूलला घाला, त्यांच्या गाडीला त्यांचा विमा असतो.

भाड्याने द्यायचं तर मुळीच नाही. पांढऱ्या पाटीची गाडी पैसे घेऊन दिली की पॉलिसीतल्या वापराच्या अटीचा भंग होतो. गणपतीत मुंबई-गोवा हायवेवर गर्दी किती, अपघात किती, तुम्हाला सांगायला नको. गुहागर-गणपतीपुळ्याला नेऊन आणायचे दोन-अडीच हजार मिळतील आणि धडकली तर कंपनी पहिला प्रश्न विचारेल की गाडीत कोण होतं, त्यांनी पैसे दिले होते का, आणि आत बसलेला माणूस पोलिसांना खरं तेच सांगणार. नातेवाइकाला स्टेशनवर सोडलं, त्याने पेट्रोल टाकलं, ते वेगळं.

सीएनजी किट बसवलंत तर कळवावंच लागतं, दोन ठिकाणी. आरटीओत आरसीवर नोंद आणि कंपनीकडे पॉलिसीत नोंद. प्रीमियम फार वाढत नाही, ओडीत किटच्या किमतीच्या ४ टक्क्यांच्या आसपास आणि थर्ड पार्टीत ६० रुपये. न कळवता बसवलं आणि उद्या आग लागली किंवा मागून कुणी आदळलं तर ज्या वस्तूची नोंदच नाही तिच्यावरून अख्खा क्लेम अडतो. गॅरेजवाला म्हणेल "नंतर करू हो नोंद", त्याचं ऐकू नका, किटचं बिल हातात आलं की त्याच आठवड्यात.

पैसे कुठे वाचवता येतील ते आता. मिस्टरांकडे १५ लाखांचा दुसरा अपघात विमा असेल, किंवा त्यांच्याच नावावरच्या दुसऱ्या गाडीवर हा घेतलेला असेल, तर ते ३३० परत भरायची गरज नाही, तसं लिहून द्यायचं. मोटार कंपनीचं रोडसाइड अजून चालू असेल तर १५० ची दुसरी सेवा नको. कन्झ्युमेबल, म्हणजे ऑइल, नट-बोल्ट, कूलंट वगैरेचे २५०, ते मी ठेवलं असतं कारण पुराच्या कामात हेच बिल फुगतं, पण हात आखडता असेल तर ते काढा. आणि एजंटला सरळ विचारा की ऑनलाइन तेवढ्याच आयडीव्हीला ओडी कमी पडतोय, तुम्ही किती सोडताय? ओडीवर डिस्काउंट द्यायला कंपनीला मोकळीक असते, मागितलं तर मिळतं. शोरूमवाले म्हणतील आमच्याकडूनच घ्या नाहीतर कॅशलेस, म्हणजे गॅरेजचं बिल कंपनीने परस्पर भरणं, होणार नाही, तर तसं काही नसतं, कॅशलेस हे कंपनीचं आणि त्या गॅरेजचं जमतं की नाही यावर असतं. कंपनीच्या साइटवर चिपळूण-खेर्डी भागातली कुठली गॅरेजं आहेत ते आधी बघून घ्या, पुरात गाडी रत्नागिरीला किंवा पुण्याला ओढत न्यायची वेळ येऊ नये.

पॉलिसी एक दिवसही तुटू देऊ नका. तुटली की त्या मधल्या काळात काही झालं तर कुणीच जबाबदार नाही, परत काढताना गाडीची तपासणी होते, आणि ९० दिवस ओलांडले तर चार वर्षांचा बोनस गेला.

कधी क्लेम चुकीच्या कारणाने नाकारला तर गप्प बसू नका. नकार लेखी मागा, कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा, विमा नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाका, आणि महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद चालतात, फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज जायला हवा.

आणि पैसे भरल्यावर पॉलिसीची पीडीएफ येईल ती त्याच दिवशी उघडा. चेसिस नंबर आरसीशी जुळतोय का, बँकेचं नाव आहे का, बोनस ४५ टक्केच लिहिलाय का (चुकून ५० पडला तर आनंद मानू नका, नंतर क्लेम त्यावरून अडवतात), आणि इंजिन प्रोटेक्ट हे शब्द ॲड-ऑनच्या यादीत आहेत का, एजंटच्या व्हॉट्सॲपवर असून चालत नाही. काही चुकलं असेल तर लगेच मेल टाका, फोनवर नको.